कन्सोलवर गेम काढायला खर्च नेमका कशाचा येतो?

पेठेतला_पामर (धागाकर्ता)

मंडळी, इथे गेम खेळणारे बरेच आहेत आणि बनवणारेही चार-दोन आहेत हे मागच्या एका धाग्यावरून कळलं, म्हणून प्रश्न इथेच टाकतोय.

आम्ही सहा जण मिळून एक छोटा गेम करतोय. टूडी आहे, कोडी सोडवत पुढे जायचं, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बांधलाय. पीसीची आवृत्ती स्टीम या ऑनलाइन दुकानात जायच्या बेतात आहे. तिथला हिशोब सोपा आहे: १०० डॉलर भरा, गेम चढवा, विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की ते १०० परत मिळतात. पण आता टीममध्ये वाद पेटलाय. एकाला सोनीचं प्लेस्टेशन हवंय, एकाला निन्टेन्डोचं स्विच. आमचा आर्टिस्ट म्हणतो मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स धरून तिन्हीकडे काढा, गेम तर तयारच आहे, नुसतं एक्स्पोर्टचं बटण दाबायचं.

नेटवर शोधलं तर सापडतात ते आकडे आमच्या काही कामाचे नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत एफटीसी (तिथला व्यापार आयोग) विरुद्ध मायक्रोसॉफ्ट हा खटला चालू होता. त्यात सोनीचे कागद काळ्या मार्करने खोडून स्कॅन केले होते आणि खोडलेल्या जागी आकडे चक्क वाचता येत होते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' २२ कोटी डॉलर, ऐन भरात २०० माणसं. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' २१.२ कोटी डॉलर, ३०० माणसं, पाच वर्षं. वाचून करायचं काय? आमचं अख्खं बजेट त्यांच्या चहापाण्यात संपेल.

तर मला हवंय ते एवढंच: गेम एकच असेल तर कन्सोलगणिक वरचा खर्च किती आणि तो जातो कुठे? डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांना कंपनी देते ते खास मशीन) फार महाग असतं का? स्वतः हात भाजून घेतलेल्यांनी जरूर लिहा.

टवाळ_पाळणा

आर्टिस्टला ते बटण दाबायला बसवा, आम्ही शेंगदाणे घेऊन येतो.

वाचतोय.

रात्रपाळी

मी टेस्टिंगमध्ये आहे. कन्सोल कंपनीकडे गेम जायच्या आधीची तपासणी हेच माझं रोजचं काम.

डेव्हकिटचं आधी डोक्यातून काढून टाका. एके काळी तो मोठा खर्च होता. पीएस३ चं किट सोनीने २००७ च्या नोव्हेंबरात निम्म्यावर आणलं तेव्हाही ते १०,२५० डॉलरला होतं. २००९ मध्ये ते २,००० वर आलं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये छोट्या स्टुडिओंसाठी आयडी ॲट एक्सबॉक्स सुरू केलं तेव्हा दोन किटं फुकट देऊ केली. स्विचचं किट स्वस्तातच मिळतं. किटाने कोणाचं दिवाळं निघालंय असं आता होत नाही.

पैसे जातात ते सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीत. सोनीची यादी म्हणजे टीआरसी, मायक्रोसॉफ्टची एक्सआर (जुनी मंडळी अजून टीसीआर म्हणतात), निन्टेन्डोची तपासणी म्हणजे लॉटचेक. तिघांच्या अटी वेगळ्या, शब्द वेगळे. गेम चांगला आहे की टाकाऊ याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. त्यांच्या मशीनवर तो शिस्तीत वागतो का, एवढंच बघतात.

एकच अट सविस्तर सांगते, म्हणजे वेळ कुठे जातो ते दिसेल. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली, तर गेम थांबला पाहिजे आणि पडद्यावर तसा निरोप आला पाहिजे. वाचायला एक ओळ. आता तपासायला घ्या. खेळताना संपली, मेनूत संपली, कटसीन (मधला व्हिडिओ) चालू असताना संपली, लोडिंगवर संपली, सेव्ह होत असताना संपली. दोन खेळाडू असतील तर दुसऱ्याची संपली. परत जोडताना तोच कंट्रोलर जोडला, वेगळाच जोडला, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अकाउंटवर लॉगिन असलेला जोडला. स्विचवर यात आणखी भर: जॉयकॉन (बाजूला लावायचा कंट्रोलर) काढला, मशीन डॉकमध्ये ठेवलं, डॉकमधून उचललं.

एका गेममध्ये लोडिंगच्या पडद्यावर मी कंट्रोलर बंद केला आणि गेम तिथेच गोठला. कारण असं निघालं: युनिटीत पॉज करायला बहुतेक जण टाइमस्केल, म्हणजे गेमच्या घड्याळाचा वेग, शून्यावर आणतात. लोडिंगमधलं 'अजून दोन सेकंद थांब' हे त्याच घड्याळावर मोजलेलं. घड्याळच थांबलं, मग ते दोन सेकंद कधी संपणार? निरोप दिसतो, कंट्रोलर परत जोडला की निरोप जातो, पण पुढचा सीन काही येत नाही. दुरुस्ती एका ओळीची. सापडायला आणि परत सगळं तपासायला आठवडा गेला.

असा दोष कंपनीच्या तपासणीत सापडला की गेम परत येतो, तुम्ही पुन्हा रांगेत लागता आणि तारीख चुकते. तारखेसाठी आधीच पैसे लावून जाहिरात केलेली असली तर ते गेले.

पेठेतला_पामर (धागाकर्ता)

बाप रे. आमच्या लोडिंगमध्येही असाच 'थांबा' आहे. आत्ताच उघडून बघतो.

जुनी_कॅसेट

छान धागा. लहानपणी टीव्हीला मीडिया नाहीतर लिटल मास्टरचा गेम जोडून '९९९९ इन १' ची कॅसेट फुंकर मारून घालणाऱ्या पिढीतला मी. फुंकर मारून काही होत नसतं हे फार उशिरा कळलं.

आज सर्टिफिकेशनचा जाच वाटतो, पण त्या काळी खर्चाची गोम वेगळीच होती. १९८० च्या दशकात अमेरिकेत निन्टेन्डोच्या एनईएस या मशीनसाठी गेम काढायचा तर कार्ट्रिज (म्हणजे आपली कॅसेट) तुम्ही स्वतः बनवूच शकत नव्हता. मशीनमध्ये कुलपाची चिप होती, किल्लीची जोडचिप फक्त निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमध्ये. म्हणजे कार्ट्रिज त्यांच्याकडूनच, त्यांच्या भावात, ठरावीक नगांच्या वर आणि पैसे आधी मोजून घ्यायची. माल विकला गेला नाही तर तो तुमच्या गोदामात. वर आणखी बंधन: एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे. कोनामीने त्यातून पळवाट काढायला अल्ट्रा गेम्स नावाची दुसरी कंपनीच उभी केली.

हा बसवलेला धाक उगाच नव्हता. त्याआधी अटारी २६०० वर कोणीही उठून काहीही काढत होतं. १९८२ चा 'ई.टी.' हॉवर्ड स्कॉट वॉरशॉने एकट्याने पाचेक आठवड्यांत लिहिला, कारण हक्क मिळेपर्यंत वेळच उरला नव्हता. हक्कांवर कोट्यवधी डॉलर उडवले आणि बनवायला दिला एक महिना. उरलेल्या कार्ट्रिजा न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला पुरल्या, त्यातल्या काही २०१४ मध्ये खणून काढल्या. खर्चाचं प्रमाण चुकण्याचा याहून ठळक नमुना माझ्या तरी माहितीत नाही.

मग १९९० च्या दशकात सीडी आली आणि पारडं फिरलं. सीडी छापायला कार्ट्रिजच्या मानाने किरकोळ पैसे, जागा ६५० एमबी. निन्टेन्डो ६४ मात्र कार्ट्रिजवरच अडून बसलं आणि तिथली मजल ६४ एमबीपर्यंतच. स्क्वेअरने 'फायनल फँटसी ७' उचलून सोनीकडे नेला, १९९७ मध्ये तो तीन सीड्यांवर आला.

उलटा प्रवासही झाला. 'रेसिडेंट ईव्हिल २' दोन सीड्यांचा गेम, अँजेल स्टुडिओजने १९९९ मध्ये तो एका ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये कोंबला. व्हिडिओसुद्धा ठेवले! पुढे हाच स्टुडिओ रॉकस्टारने घेतला, आजचा रॉकस्टार सॅन डिएगो. पोर्ट करणाऱ्यांना (एका मशीनवरचा गेम दुसऱ्यावर नेणाऱ्यांना) आपल्याकडे दुय्यम समजतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

टवाळ_पाळणा

काका, फुंकर मारून होत नाही म्हणजे? आमचं बालपण खोटं ठरवू नका.

लीड्सकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात पोर्टिंगचं काम करतो. कुठल्या कंपनीत ते विचारू नका, एनडीए (गुप्ततेचा करार) आहे.

जुनी_कॅसेट यांनी डबीच्या खर्चाबद्दल लिहिलं, मी आतल्या यंत्राबद्दल लिहितो. एकाच गेमचा खर्च दोन मशीनवर वेगळा का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा मेमरीत सापडतं.

सेगा सॅटर्न आणि पहिलं प्लेस्टेशन, दोन्ही १९९४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जपानात आले. सॅटर्नमध्ये दोन एसएच-२ प्रोसेसर, वर चित्रासाठी दोन वेगळ्या चिपा, आणि सगळं जग त्रिकोणांनी आकार रचत असताना हा चौकोनांनी रचणार. प्लेस्टेशनवर केलेला गेम तिथे न्यायचा तर अर्धं काम नव्याने. दोन्ही प्रोसेसरना सारखं काम वाटून देणारे प्रोग्रामर मोजकेच होते, बाकीच्यांचा दुसरा प्रोसेसर माशा मारत बसायचा.

नंतर हीच गत सोनीची झाली. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एमबी एकत्र, पाहिजे तशी वापरा. पीएस३ मध्येही ५१२ च, पण २५६ प्रोसेसरची आणि २५६ ग्राफिक्सची, मध्ये भिंत. प्रोसेसर होता सेल. त्याचा एक मुख्य कोअर आणि गेमला मिळणारे सहा एसपीई, म्हणजे छोटे मदतनीस प्रोसेसर. प्रत्येक एसपीईजवळ स्वतःची जागा फक्त २५६ केबी. डेटा तुम्हीच तुकडे करून तिथे पाठवायचा, काम झालं की तुम्हीच परत आणायचा. ज्यांनी हे जमवलं त्यांनी पीएस३ वर अफाट काम करून दाखवलं. पण ते सगळे एकाच मशीनवर काम करणारे, सोनीचे स्वतःचे स्टुडिओ. दोन्हीकडे गेम काढणारा माणूस आधी ३६० वर बनवायचा आणि नंतर पीएस३ कडे बघून कपाळाला हात लावायचा. 'स्कायरिम' आठवत असेल, २०११ चा. पीएस३ वर सेव्ह फाइल मोठी होत गेली की गेम रांगायला लागायचा.

म्हणून 'कन्सोलचा खर्च' हा मला कन्सोलच्या किमतीचा प्रश्न वाटत नाही. तुमचा गेम ज्या मशीनला डोळ्यासमोर ठेवून बांधला, त्यापासून दुसरं मशीन किती लांब आहे, तेवढा खर्च.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

लीड्सकर, माहिती भारी, पण हे सगळं २०१३ च्या आधीचं झालं. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन दोघांतही एएमडीचा आठ कोअरचा जॅग्वार प्रोसेसर, पीसीसारखंच x८६. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सही तसेच. म्हणजे मशीनं सारखी होत गेली, युनिटी-अनरिअलमुळे कोडही एकच. मग खर्च कमी व्हायला हवा होता. झाला उलटा. २०२४ च्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या कोर्टात ॲक्टिव्हिजनतर्फे जे निवेदन गेलं त्यात 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतल्या 'ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर' चा आयुष्यभराचा खर्च ७० कोटी डॉलरच्या वर सांगितलाय. २०१५ च्या 'ब्लॅक ऑप्स ३' चा ४५ कोटी. याचा कन्सोलशी काय संबंध?

माझं मत स्पष्ट आहे: कन्सोलचं निमित्त आहे, पैसा जातो माणसांच्या पगारात. चारशे जण पाच वर्षं बसून प्रत्येक खडकावर शेवाळ रंगवत असतील तर आणखी काय होणार?

लीड्सकर

पगाराबद्दल शंभर टक्के सहमत. 'शेनमू' १९९९ चा, सेगाच्या ड्रीमकास्ट या एकाच मशीनवर आलेला, तरी ४ कोटी ७० लाख डॉलर खाल्ले. तिथे एकदम दोन-तीन मशीनवर काढायचा प्रश्नच नव्हता, गावातल्या प्रत्येक माणसाचा दिनक्रम करत बसले होते.

पण मशीनं सारखी झाली म्हणून काम संपलं असं नाही. जात एकच असली तरी ऐपत वेगळी. सिरीज एक्समध्ये १६ जीबी, सिरीज एसमध्ये १०. मायक्रोसॉफ्टचा आग्रह होता की दोन्हीवर गेमची वैशिष्ट्यं सारखी हवीत. 'बाल्डर्स गेट ३' पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला. एक्सबॉक्सला डिसेंबर उजाडला, कारण एसवर पडदा दुभागून दोघांनी खेळणं बसतच नव्हतं. शेवटी एसवरून ते वगळायची सूट मिळाली, तेव्हा गेम आला. एका स्वस्त मशीनसाठी जगातला एक नावाजलेला स्टुडिओ महिनोन् महिने मेमरी वाचवत बसला.

'सायबरपंक २०७७' तर सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर २०२० ला आला, पीसीवर बरा, जुन्या पीएस४ वर बघवत नव्हता. आठवड्यात सोनीने दुकानातून काढला तो जून २०२१ ला परत आला. जुन्या मशीनवर वेळेत लक्ष घातलं असतं तर जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट परताव्यात, दुरुस्तीत आणि नाचक्कीत गेला.

आणि स्विच तर x८६ नाहीच. टेग्रा एक्स१, ४ जीबी. 'विचर ३' तिथे २०१९ मध्ये सेबर इंटरॲक्टिव्हने बसवला. हातात धरून खेळताना चित्र फार तर ५४० ओळींचं, पण अख्खा गेम दोन्ही विस्तारांसकट ३२ जीबीच्या कार्डात. ते काम एक्स्पोर्टच्या बटणाचं नव्हतं.

ताळेबंद

सीए आहे, गेमातलं कळत नाही, मुलगा खेळतो तेवढंच. पण धागाकर्त्याने बजेट विचारलंय आणि कोणी रुपयांत बोलत नाहीये, म्हणून हिशोब मांडतो. पगाराचे आणि विक्रीचे आकडे गृहीत धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

सहा माणसं, दीड वर्ष, माणशी महिना ८०,००० खर्च (पगार, भाडं, वीज, लॅपटॉपची झीज धरून): ८६ लाख ४० हजार. हा मूळ गेम.

गेमची किंमत १५ डॉलर. सेल वगैरे धरून सरासरी १० हातात येतात म्हणू. दुकान ३० टक्के घेतं, स्टीम काय आणि कन्सोल काय. उरले ७ डॉलर, ८५ च्या दराने ५९५ रुपये. मूळ खर्च निघायला साडेचौदा हजार प्रती विकाव्या लागतात. त्यात प्रकाशक अर्धा वाटा घेणारा असेल तर दुप्पट.

आता एका कन्सोलचा पोर्ट. दोन प्रोग्रामर पाच महिने: ८ लाख. दोन टेस्टर तीन महिने, ५०,००० ने: ३ लाख. एकूण ११ लाख, म्हणजे साधारण १,८५० प्रती. वाचायला किरकोळ वाटतं. पण तुम्ही युनिटी म्हणालात. लायसन्सच्या अटी वाचल्या. कन्सोलसाठी फुकटचं चालत नाही, प्रो लागतं, आणि ते वर्षाला माणशी दोन हजार डॉलरच्या वर. सहा जणांचे वर्षाला दहा लाखांहून जास्त. पोर्टचा खर्च जवळजवळ दुप्पट, खर्च भरून निघायला लागणाऱ्या प्रती साडेतीन हजारांवर. ज्या डेव्हकिटाची सगळ्यांना धास्ती, त्याच्या कैक पट हे लायसन्सच आहे.

आणखी एक. अमेरिकेतल्या विक्रीवर तिकडे कर कापतात. डब्ल्यू-८ बेन-ई फॉर्म नीट भरला तर भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर १५ टक्के, नाही भरला तर ३०. कापलेल्याचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये घेता येतं. माझ्याकडे आलेल्या एका पोरांच्या कंपनीने दोन वर्षं फॉर्मच भरला नव्हता.

रात्रपाळी

ताळेबंदकाका, दंडवत! फक्त लायसन्सबद्दल एक: कन्सोल कंपनीने तुम्हाला मान्यता दिली की तिच्याकडून त्या मशीनपुरती युनिटीची की मिळू शकते, मग प्रो विकत घ्यावं लागत नाही. आधी अर्ज करा, मग खिशात हात घाला.

ताळेबंद

ही खरी कामाची माहिती. १० लाख वाचले, माझी फी पाठवून द्या.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

युनिटीऐवजी गोडो का नाही वापरत? फुकट आहे.

लीड्सकर

गोडोचं कोड सगळ्यांना खुलं. कन्सोलच्या एसडीके (गेम बांधायची कंपनीची साधनं) एनडीएखाली, त्यातली एक ओळ बाहेर दाखवायची नाही. त्यामुळे मूळ गोडोत कन्सोलचा एक्स्पोर्ट येऊच शकत नाही. डब्ल्यू४ गेम्ससारख्या कंपन्या तो बंद दाराआड पैसे घेऊन देतात. म्हणजे फुकट पीसीपुरतं. अनरिअल मात्र दहा लाख डॉलर कमाईपर्यंत काही मागत नाही, त्यापुढे ५ टक्के.

जुनी_कॅसेट

अवांतर होईल, पण आपल्याकडच्या लोकांनी हे केलेलं आहे हेही नोंदवून ठेवावं. 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ चा, पीएस२ वर, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा. तेव्हा पीएस३ येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी पीएस२ का? कारण आपल्याकडे घरोघरी तेच होतं. गेम म्हणून तो यथातथाच होता, पण मशीन निवडताना गिऱ्हाईक कुठे आहे ते त्यांनी पाहिलं.

आणि 'राजी' तर पुण्याचाच, नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ ला किकस्टार्टरवर पैसे मागितले, जमले नाहीत. तरी ऑगस्ट २०२० ला स्विचवर आला, ऑक्टोबरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर. त्यांनी एका कन्सोलवर आधी आणि बाकीकडे नंतर हा जो क्रम लावला तो धागाकर्त्याने बघावा. एका वेळी एकाच मशीनची कटकट.

टवाळ_पाळणा

'राजी' मी स्विचवरच खेळलो. भिंतींवरची चित्रं झकास. मारामारी मात्र पुढे पुढे तीच ती.

पेठेतला_पामर (धागाकर्ता)

'राजी' चा क्रम लक्षात होता, पण आधी आपल्याच कन्सोलवर काढायचा करार करताना मोठ्या कंपन्या पैसे देतात की नुसती प्रसिद्धी, हे बाहेरून कळत नाही. असो.

दुसरी शंका. गेम निघाल्यावरच्या दुरुस्त्यांचं काय? पीसीवर आम्ही रात्री दोनला पॅच चढवतो.

रात्रपाळी

कन्सोलवर पॅचही तपासणीतून जातो. आता त्याचे पैसे सहसा लागत नाहीत, वेळ लागतो. पूर्वी पैसेही लागायचे. २०१२ मध्ये 'फेझ' चा पॅच एक्सबॉक्स ३६० वर आला आणि एक टक्क्याहून कमी लोकांची सेव्ह फाइल बिघडवायला लागला. पुन्हा दुरुस्त करून पाठवायचा तर पुन्हा तपासणीचे हजारो डॉलर. गेम बनवणाऱ्या पॉलिट्रॉनने सरळ सांगितलं, परवडत नाही, आहे तोच पॅच ठेवतो. बिघडला त्याचा बिघडला. लोकांनी शिव्या घातल्या. त्याच वर्षी टिम शेफर या गेम बनवणाऱ्याने पॅचचा खर्च ४०,००० डॉलर सांगितला होता. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही फी बंद केली.

म्हणून सेव्हच्या फॉरमॅटला पहिल्या दिवसापासून आवृत्ती क्रमांक द्या. पीसीवर काय सुधारायचं ते सुधारून घ्या, लोक खेळून दोष सांगतील, मग कन्सोलचं बघा.

अजून काही बारीकसारीक, पण महाग पडतात अशा गोष्टी. निन्टेन्डोवर ए बटण उजवीकडे आणि बी खाली, एक्सबॉक्सवर ए खाली आणि बी उजवीकडे. चित्रं नुसती बदलून भागत नाही, हाताची सवय बदलते, ट्युटोरियल परत तपासावं लागतं. खेळाडूला बक्षीस म्हणून प्लेस्टेशनला ट्रॉफी, एक्सबॉक्सला अचीव्हमेंट, स्विचवर दोन्ही नाहीत. प्रत्येकाची चिन्हं, नावं, वर्णनं, तीही जितक्या भाषांत गेम तितक्या भाषांत. तुमचा गेम किती भाषांत आहे?

पेठेतला_पामर (धागाकर्ता)

इंग्रजी, जपानी, आणि हट्टाने मराठी.

रात्रपाळी

मराठी असेल तर जोडाक्षरं आजच तपासा. युनिटीत अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोला देवनागरीची जुळणी आपसूक जमत नाही. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते आणि 'कि' चं भलतंच काहीतरी दिसतं. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. आणि ती सोय पीसीवर चालली म्हणून स्विचवर चालेलच असं नाही, कारण पीसीवर ती बऱ्याचदा विंडोजच्या लायब्ररीवर टेकलेली असते. तेवढं बघितल्याशिवाय पोर्टच्या महिन्यांचा अंदाज बांधू नका.

लीड्सकर

अरे वा, ट्रॉफीचं नाव मराठीत! प्लेस्टेशनच्या भाषांच्या यादीत मराठी नाहीये बरं का. म्हणजे गेमच्या आत मराठी चालेल, पण ट्रॉफी आणि दुकानातलं पान इंग्रजीत जाईल.

पेठेतला_पामर (धागाकर्ता)

टीमला हा अख्खा धागा वाचायला लावला. ठरलं ते असं: आधी स्टीम, तीन-चार महिने नुसत्या दुरुस्त्या, त्याच काळात निन्टेन्डोकडे अर्ज. मान्यता आली तर स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स पुढच्या वर्षीच्या विक्रीवर. आमचा गेम हलका आहे, त्यामुळे सर्वांत अशक्त मशीनवर बसला तर बाकीकडे बसेल असा अंदाज.

वयोगटाच्या प्रमाणपत्राचे किती लागतात, तेवढं कोणी सांगेल का? जपानी आवृत्ती आहे म्हणून विचारतोय.

रात्रपाळी

नुसता डिजिटल विकणार असाल तर आयएआरसीचा फॉर्म, फुकट. प्रश्नांची उत्तरं भरली की बऱ्याच देशांचं रेटिंग एकदम मिळतं. जपानसाठी त्या त्या दुकानाची अट वेगळी वाचा. डबीत घालून विकायचा तर अमेरिकेला ईएसआरबी, युरोपला पेगी, जपानला सेरो, प्रत्येकाची फी वेगळी आणि आधी भरायची. त्यात स्विचचं कार्ड म्हणजे पुन्हा जुनी_कॅसेट यांनी सांगितलेली कथा: जास्त जीबीचं कार्ड महाग, म्हणून मोठ्या कंपन्यासुद्धा अर्धा गेम डाउनलोडवर ढकलतात. स्विच २ ला तर नुसती किल्ली असलेली कार्डंही निघालीत, गेम सगळा नेटवरून. तुम्ही डबीच्या भानगडीत आत्ता पडू नका.